अर्धा कप बेस, एक पौंड ड्रम: टर्नटेबल लावायचं तर या रेकॉर्डवर

भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा शेजारी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर अंकल होते. रविवारी दुपारी त्यांच्या खिडकीतून सॅक्सोफोन ऐकू यायचा. माझे वडील लोको शेडमध्ये फिटर. ते ओट्यावर सायकल पुसत बसायचे आणि रेकॉर्ड संपेपर्यंत सायकल काही पुसून व्हायची नाही. १९८६ साली अंकल मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले, जाताना अकरा रेकॉर्ड वडिलांच्या हातात देऊन गेले. त्यात एक होती अमेरिकन सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसची ‘लाइव्ह अ‍ॅट फिलमोर वेस्ट’. वाजवून वाजवून पार झिजलेली, पहिल्याच गाण्यावर बोटभर ओरखडा.

आता मी जळगावात असते. पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात, लॅबमध्ये, बावीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी याच रेकॉर्डची नवी, १८० ग्रॅमची आवृत्ती मागवली, तिच्यासाठी बऱ्यापैकी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, घेतलं, आणि पहिले चार महिने ते नीट लावण्यात गेले. त्या चार महिन्यांत जे कळलं ते लिहिते आहे. आपल्याकडे धूळ, ऊन, क्षाराचं पाणी आणि कूलर घरोघरी आहेत, आणि टर्नटेबलच्या खोक्यातल्या पुस्तिकेत त्यांच्याबद्दल एक ओळ नसते.

आधी रेकॉर्डबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोत फिलमोर वेस्ट नावाचं सभागृह होतं, बिल ग्रॅहम ते चालवायचे. ५ ते ७ मार्च १९७१ अशा तीन रात्री तिथे अरेथा फ्रँकलिन गायल्या. साथीला किंग कर्टिस आणि त्यांचा ‘किंगपिन्स’ हा बँड. त्याच रात्री बँडने स्वतःचं म्हणून जे वाजवलं, त्याची ही रेकॉर्ड. बेसवर जेरी जेमॉट, ड्रमवर बर्नार्ड पर्डी, गिटारवर कॉर्नेल ड्युप्री, ऑर्गनवर बिली प्रेस्टन, आणि फुंकवाद्यांना मेम्फिस हॉर्न्स, म्हणजे वेन जॅक्सन, अँड्र्यू लव्ह आणि मंडळी. त्याच वर्षी जुलैत फिलमोर वेस्ट बंद झालं, आणि १३ ऑगस्टला न्यू यॉर्कमध्ये स्वतःच्या घराबाहेर झालेल्या भांडणात कर्टिस यांना कुणीतरी भोसकलं, त्यातच ते गेले. वय ३७. हे आठवलं की शेवटच्या गाण्यातला सॅक्सोफोन मला आजही जड जातो.

पहिलं गाणं आहे ‘मेम्फिस सोल स्ट्यू’. गाणं कसलं, पाककृतीच. कर्टिस माइकवर येऊन जिन्नस मागतात: अर्धा कप बेस, एक पौंड ड्रम, चार चमचे उकळती गिटार, चिमूटभर ऑर्गन, अर्धा पिंट हॉर्न. ज्याचं नाव घेतलं ते वाद्य सुरू होतं, आणि पुढचं येईपर्यंत त्याला मोकळी जागा मिळते. माझ्या सासूबाई काळ्या मसाल्याचा रस्सा करतात तेव्हा वाटण पडलं की एक वास, मसाला पडला की दुसरा, पाणी घातलं की तिसरा. मधे काही करपलं तर त्या तिथल्या तिथे सांगतात, कारण पातेल्यात अजून सगळं एक झालेलं नसतं. या गाण्यात नेमकं तेच होतं. म्हणून माझं सांगणं असं की टर्नटेबल लावायला वेगळी टेस्ट रेकॉर्ड घेऊ नका. हे एक गाणं पुरेसं आहे, फक्त कोणत्या जिन्नसाला काय ऐकायचं ते माहीत हवं.

मागवायची कधी, हे आधी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मी पहिल्यांदा मे महिन्यात मागवली. माल येऊन दोन दिवस कुरियरवाल्याच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये पडून राहिला, आणि घरी आली ती रेकॉर्ड बशीसारखी वाकलेली. मला याचं जास्तच वाईट वाटलं, कारण रोज लॅबमध्ये मी हेच तपासते: प्लॅस्टिक कुठल्या तापमानाला नरम पडतं. पाइपचं पीव्हीसी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतं. रेकॉर्डचं मात्र नुसतं पीव्हीसी नसतं. त्यात व्हिनाइल अ‍ॅसिटेट मिसळलेलं असतं, म्हणजे दाबताना माल खाचेच्या कानाकोपऱ्यात नीट वाहतो. त्याची किंमत अशी की ते साठ-सत्तर अंशांच्या आसपासच नरम पडतं. मे महिन्यात जळगावात सावलीत ४४-४५ असताना पत्र्याखाली किंवा बंद गाडीत किती होत असेल, विचार करा. विकणाऱ्याने बिनतक्रार दुसरी पाठवली, पण मी त्यांना स्वतःहून सांगितलं, डिसेंबरात पाठवा.

वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये धरून उन्हात ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. करू नका. रेकॉर्ड सरळ होईल, पण खाचेतली नक्षीही त्याच उष्णतेने बसते.

नवी रेकॉर्ड हातात आली की सपाट काचेवर ठेवून डोळ्याच्या पातळीवरून बघा. काठ थोडा वरखाली असेल तर चालतं, सुई तेवढं पेलते. मग मधलं भोक. ते जरा जरी बाजूला पडलेलं असेल तर प्रत्येक फेऱ्याला सुई धरणारा आर्म डावी-उजवीकडे झुलतो आणि सूर हलतो. हा दोष तुमच्या हाताने जाणारा नाही, रेकॉर्डच बदलून घ्यावी लागते. त्यामुळे परत करायची मुदत संपायच्या आत दोन्ही बाजू पूर्ण वाजवून घ्या.

वजनाला मात्र भुलू नका. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, १८२ ग्रॅम भरली. जुन्या रेकॉर्ड १२०-१४० च्या घरात असतात. जाड रेकॉर्ड कमी वाकते, हाताला भारदस्त लागते, पण खाच तेवढीच खोल असते. जाडीने आवाज सुधारत नाही. आवाज ठरतो तो मूळ टेप कोणती वापरली, मास्टरिंग, म्हणजे टेपवरचा आवाज रेकॉर्डसाठी जुळवणं, कुणाच्या कानाने झालं, आणि दाबायला कोरा दाणा घेतला की दळलेला भंगार माल, यावर. आमच्याकडे पाइपलाही हाच फरक. भंगार मिसळलं की पाइपच्या आतल्या अंगाला खडबड येते, बोट फिरवलं की कळते. रेकॉर्डमध्ये तीच खडबड सुईला लागते आणि स्पीकरमधून चुरचुर येते. सत्तरच्या दशकात तेलसंकटानंतर जुन्या रेकॉर्ड दळून, लेबलच्या कागदाच्या तुकड्यांसकट, पुन्हा वापरल्या गेल्या. त्या काळातल्या कित्येक रेकॉर्ड शांत जागी चुरचुरतात ते त्यामुळे. चांगल्या पुनर्मुद्रणात दोन गाण्यांमधली जागा काळी रात्र असावी तशी शांत असते. माझ्या नव्या रेकॉर्डमध्ये पहिला बेस येण्याआधी श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते. जुनीवर त्या जागी नुसती भट्टी पेटल्यासारखा आवाज होता.

नवी रेकॉर्डसुद्धा धुऊन घ्या. कारखान्यातली धूळ, आतल्या कागदी पाकिटाचे तंतू, सगळं खाचेत बसलेलं असतं. नळाचं पाणी वापरायचं नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीवर जो पांढरा थर बसतो तोच खाचेत बसेल. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते घ्या. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोनच थेंब, मऊ मायक्रोफायबर, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, लेबल हाताने झाकायचं, मग साबण नसलेल्या त्याच पाण्याने पुन्हा. सावलीत उभी ठेवून वाळवा, पंख्याखाली नको, पंखा सगळ्या घरातली धूळ आणून लावतो. घरात आजोबांच्या वेळच्या ७८ च्या लाखेच्या रेकॉर्ड असतील तर त्यांना स्पिरिट कधी लावू नका, लाख विरघळते.

आता टर्नटेबल कुठे ठेवायचं? टीपॉयवर तर नकोच. आमच्याकडे आधी लोखंडी स्टँडवर होतं. कुणी खोलीतून चाललं की ड्रमच्या जागी भूकंप. शेवटी गवंड्याला बोलावून भिंतीत कडप्पा बसवून घेतला, स्पीकर वेगळ्या ओट्यावर. कडप्प्याने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही महागड्या वायरने पडला नाही, हे मी शपथेवर सांगेन. गवंड्याचीच पाणसळ मागून घेऊन टर्नटेबलच्या फिरत्या ताटावर आडवी आणि उभी ठेवून बघितली, पायांचे स्क्रू फिरवून बुडबुडा मधोमध आणला.

वेग तपासायला स्ट्रोब डिस्क मिळते, कागदावर छापलेल्या रेषांची. विजेच्या दिव्याखाली फिरताना त्या रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. ती घेताना एक गोष्ट बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेची ६० ची. सव्वातेहतीस नव्हे, ३३⅓ फेऱ्यांसाठी ५० हर्ट्झवर १८० रेषा लागतात, ६० वर २१६. अमेरिकन डिस्क आपल्या ट्यूबलाइटखाली ठेवली तर बरोबर चालणारं टर्नटेबलही चुकीचं वाटेल. एलईडी दिव्याखाली बहुतेक वेळा रेषा स्थिर दिसतच नाहीत, जुना पिवळा बल्ब लावा. कुणी नातेवाइकाने अमेरिकेतून जुनं टर्नटेबल आणलं असेल आणि त्यात एसी सिंक्रोनस मोटर असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही भागत नाही. व्होल्टेज उतरेल, पण मोटर विजेच्या हर्ट्झवर फिरते, म्हणून रेकॉर्ड सहापैकी पाच हिश्श्यांच्या वेगाने चालेल. नवीन टर्नटेबलमध्ये बहुधा डीसी मोटर असते, तिला ही अडचण नाही.

पुढचं काम सुईच्या वजनाचं. माझ्याकडे ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज, म्हणजे आर्मच्या टोकाची सुई बसवलेली डबी, आहे, त्याला २ ग्रॅम सांगितलेत, १.८ ते २.२ चालतं. आर्मच्या मागच्या वजनावर आकडे असतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. जळगावकरांना काट्याची काय कमी! सराफ बाजारात ग्रॅमच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत मोजणारा खिशातला काटा मिळतो. पण सुई थेट त्याच्या ताटलीवर टेकवली तर दोन चुका होतात. ताटली रेकॉर्डपेक्षा उंच असते, म्हणून आर्म तिरपा होऊन वजन चुकतं. आणि ताटली स्टीलची असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक तिला ओढतं, काटा भलताच आकडा दाखवतो. मला पहिल्यांदा ३.४ ग्रॅम दिसले, मी घाबरून वजन कमी करत गेले, आणि रेकॉर्ड लावल्यावर सुई उड्या मारायला लागली. मग कारखान्यातून पाइपचा एक तुकडा आणला, अर्ध्या इंची, त्यातून पट्टी कापली. तिचं एक टोक ताटलीवर, दुसरं बाहेर खाली झुकलेलं, रेकॉर्डच्या उंचीला. पट्टी ठेवून काटा शून्य केला आणि सुई त्या बाहेरच्या टोकावर हलकेच सोडली. १.६१. म्हणजे जवळजवळ चाळीस पॉइंट कमी होते. मागचं वजन केसभर फिरवत १.९८ वर आणलं आणि सोडून दिलं. हलकी सुई रेकॉर्डला जपते असं लोकांना वाटतं. उलट आहे. हलकी सुई खाचेत टिकत नाही, भिंतीवर आपटते आणि तिथला माल तासते.

कार्ट्रिज सरळ बसलंय का, ते दोन बिंदूंच्या छापील कागदावर बघायचं. टर्नटेबलबरोबर आलेला असेल तर तोच वापरा. घाई नसलेली दुपार, उजेड खिडकीतून, आणि कामाआधी सुईचं प्लॅस्टिकचं टोपण घालून ठेवलेलं. स्क्रू घट्ट करताना कार्ट्रिज वळतं, म्हणून शेवटी पुन्हा बघा. यावर जास्त लिहीत नाही, कागद समोर असला की आपोआप समजतं.

आता रेकॉर्ड लावा.

अर्धा कप बेस. जेमॉट एकटे आहेत, म्हणून हम, म्हणजे विजेची गुणगुण, लपत नाही. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झ, तिच्याच तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं की ४९, आणि आपल्या विजेची हम ५० वर. म्हणजे हम बेसच्या अगदी मांडीला मांडी लावून बसते आणि बेस फुगल्यासारखा, तोंडात घास धरून बोलल्यासारखा वाटतो. माझ्याकडे तसंच होतं. मला वाटायचं रेकॉर्डच तशी आहे. सासूबाई अमळनेरकडच्या, त्या दारातून म्हणाल्या, “हाऊ कसाना आवाज शे वं?” मी म्हटलं, “आई, बेस गिटार.” त्या म्हणाल्या, “तो नाही, त्याच्यामागे भुंगा आहे तो.” भुंगा खरोखर होता. टर्नटेबलची बारीक अर्थिंगची वायर फोनो प्रीअ‍ॅम्पच्या, म्हणजे सुईचा बारीक आवाज मोठा करणाऱ्या खोक्याच्या, स्क्रूला लागलेली होती, पण सैल. ती आवळली, भुंगा निम्मा झाला. उरलेला घराच्या अर्थिंगचा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातला मीठ-कोळसा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरती राहते. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि बेसची प्रत्येक बोटाची ठेच वेगळी ऐकू यायला लागली. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा पाणी घालते, घराच्या सुरक्षेसाठीही ते हवंच.

एक पौंड ड्रम. या बँडचं संगीत फंक प्रकारचं, आणि फंक म्हणजे समेचं संगीत असं मला वाटतं. पहिल्या मात्रेवर सगळे मिळून पाय आपटतात, मधल्या वेळात प्रत्येक जण आपल्या वाटेने जातो. तबला ऐकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. पर्डी मोठ्या दोन फटक्यांच्या मधे स्नेअरवर, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमवर, अगदी हलके, पुटपुटल्यासारखे टोले मारतात, त्यांना घोस्ट नोट म्हणतात. ते टोले ऐकू येत नसतील तर सुईवर धूळ बसलीय. मऊ ब्रशने मागून पुढे एकदाच पुसा, आडवी कधी पुसू नका. झांज ‘छ’ म्हणायची तिथे ‘श’ म्हणत असेल तर सुई झिजली आहे किंवा कार्ट्रिज वाकडं आहे. आणि मोठ्या ड्रमच्या ठोक्याला स्पीकरचा पडदा सावकाश आत-बाहेर डोलत असेल तर खोलीतला हादरा सुईपर्यंत पोचतोय, कडप्प्याचा परिच्छेद पुन्हा वाचा.

गिटारला मी एवढंच बघते की ड्युप्री एका जागी उभे आहेत ना. समोरून बघितलं तर कार्ट्रिज एका बाजूला कललेलं असेल तर गिटार पसरते, कधी इकडे कधी तिकडे वाटते. रेकॉर्डवर छोटा आरसा ठेवून सुई आणि तिचं प्रतिबिंब एका रेषेत येतं का ते बघा.

ऑर्गनबद्दल एक सावधगिरी. सूर हलतोय का हे इथे तपासायला जाल तर फसाल. हॅमंड ऑर्गनचा लेस्ली स्पीकर स्वतःच फिरतो, तो आवाज मुळातच लहरत असतो. मी एक अख्खा रविवार बेल्ट पुसण्यात घालवला, बेल्टचा काही दोष नव्हता. सुराची परीक्षा दुसऱ्या गाण्यात आहे, ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मध्ये. तिथे कर्टिस सॅक्सोफोनवर लांब लांब सूर धरतात. पेटीवर षड्ज धरून ठेवल्यासारखा तो स्थिर राहिला पाहिजे. दर १.८ सेकंदांनी हेलकावा येत असेल, तर तो एका फेऱ्याचा काळ आहे, म्हणजे भोक मधे नाही किंवा रेकॉर्ड वाकलीय. हेलकावा त्याहून जलद असेल तर मोटर-बेल्टकडे बघा.

आणि मग अर्धा पिंट हॉर्न. इथे सगळं पातेलं उकळतं. खाच इथे सगळ्यात जास्त वळवळते आणि सुईची खरी परीक्षा होते. हॉर्न फाटत असतील तर कुठल्या स्पीकरमध्ये आधी फाटतात ते बघा. फिरत्या रेकॉर्डवर आर्म सतत आतल्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे सुई आतल्या भिंतीवर रेलते आणि बाहेरची भिंत, म्हणजे उजवा चॅनल, सुटतो. उजवा आधी फाटला तर अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मला बाहेर ओढणारा जोर, थोडं वाढवा. डावा फाटला तर कमी करा. दोन्ही एकदम फाटले तर वजन पुन्हा मोजा. गाणं संपल्यावर टाळ्याही ऐका. चांगल्या लावलेल्या टर्नटेबलवर टाळ्या हातांच्या वाटतात, जवळचे, लांबचे, एखादा शिट्टी मारणारा. पत्र्यावरच्या पावसासारखा सरसकट आवाज येत असेल तर काम अजून बाकी आहे.

शेवटची परीक्षा दुसऱ्या बाजूच्या शेवटी, ‘सोल सेरेनेड’ला. रेकॉर्डच्या काठावर सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलपाशी फक्त २१. तेवढ्याच सुराला जागा निम्म्याहून कमी, म्हणून आतली गाणी लवकर खरखरतात. पहिलं गाणं लख्ख आणि हे खरखरीत असेल तर दोन बिंदूंचा कागद पुन्हा काढा, कार्ट्रिज अर्धा मिलिमीटर पुढे-मागे गेलेलं असतं. काही पुनर्मुद्रणं ४५ फेऱ्यांवर दोन रेकॉर्डमध्ये येतात, त्यांचा सगळा उद्देश हाच, जागा वाढवणं. बाजू मात्र दर दहा-बारा मिनिटांनी उलटावी लागते. मला ३३ ची पुरते. कर्टिसचा तो शेवटचा सूर वडिलांना ऐकवला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. ओरखड्याची सवय असलेले त्यांचे कान पहिल्या गाण्यात ‘टक्’ची वाट बघत राहिले, ती आली नाही, तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, “परत लाव.”

सांभाळायचं कसं, तर रेकॉर्ड नेहमी उभी, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत कधीच नाही. कूलरच्या झोतासमोरही नको. कव्हरला बुरशी येते, आणि कूलरची मोटर चालू-बंद झाली की स्पीकरमध्ये फटाका वाजतो, त्यासाठी वेगळा बोर्ड घ्या. बाहेरच्या मऊ, पारदर्शक पीव्हीसी कव्हरमध्ये रेकॉर्ड ठेवू नका. पीव्हीसी मऊ करायला त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, उष्णतेने तो बाहेर येतो आणि रेकॉर्डवर धुकं धरतो, ते पुसून जात नाही. पॉलिथिनची आतली पाकिटं घ्या. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, रेकॉर्ड काढताना अंगावरचे केस उभे राहतात आणि सगळी धूळ चिकटते. तेव्हा ती झटकन ओढू नका, पाकीट थोडं फुगवून सावकाश काढा. वीज गेली आणि इन्व्हर्टर साधा, चौकोनी लहरींचा असेल तर अ‍ॅम्प गुणगुणतो. तेवढा वेळ थांबलेलं बरं.

आणि सुईचे तास लिहून ठेवा. माझ्या सुईला साधारण ३०० तास धरतात. कडप्प्याच्या बाजूला खिळ्याला एक वही टांगली आहे, एक बाजू वाजली की एक रेघ, तीन बाजूंचा एक तास धरते. काल रात्रीपर्यंत ८५८ रेघा झाल्या, म्हणजे २८६ तास. नवी सुई मागवली आहे.